जर्मनचं फाटक : सरकतं दार घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

हे वाचायला बसण्याआधी घराला एक दार असावं आणि ते नीट उघडझाप करत असावं, एवढीच पूर्वतयारी लागते. ज्यांचं दार मोडलेलं असतं ते सुताराला बोलावतात. सरकतं दार घेणारी माणसं वेगळी. त्यांचं जुनं दार ठणठणीत असतं.

आमचं ठणठणीत होतं. गाव नागरा, गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की चार-पाच किलोमीटरवर, जुन्या शिवमंदिराचं. दार सागाचं, दोन फळ्यांचं. आतून आगळ, बाहेर लोखंडी कडी. पावसाळ्यात ते फुगायचं, उन्हाळ्यात आकसायचं, आणि ढकलताना जो आवाज करायचं त्यावरून कोण आलं ते आजी पाठमोरी ओळखायची. मग एकदा गोंदियात साडूंच्या वास्तुपूजेला गेलो. तिथं एका बोटानं सरकणारं काचेचं दार पाहिलं. परतताना मोटारसायकलवर मागच्या सीटवरून घरापर्यंत एक शब्द ऐकू आला नाही. ही शांतता म्हणजे पहिली पायरी. ती चढायला काही करावं लागत नाही.

पायरी दुसरी : धातूची ओळख करून घ्या

दुकानात ‘अ‍ॅल्युमिनियम’ असा शुद्ध उच्चार करू नका. मास्तर समजून भाव वाढवतात. ‘अलमोनियम’ म्हणा. घरी मात्र दोन्ही चालणार नाहीत, कारण आजीच्या लेखी या धातूचं नाव जर्मन. जर्मनची थाळी, जर्मनचा डबा, जर्मनचा गंज. खरं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते आणि अ‍ॅल्युमिनियमही नसतं. पण पांढऱ्या, स्वस्त भांड्यांना ते नाव चिकटलं आणि विदर्भातल्या चुलीपर्यंत पोचलं. त्यातून आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. जर्मनच्या गंजाला गंज लागत नाही, हे वाक्य एखाद्या पुणेकर पाहुण्याला म्हणून दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा.

खरं तर हवा याही धातूला खाते. पण खाल्ल्यावर वर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा धरतो, तो गोंदिया जंक्शनवर डब्यात आधी चढलेल्या माणसासारखा वागतो : दारातच उभा राहतो आणि मागच्याला आत येऊ देत नाही. लोखंडाचा गंज असा नसतो. तो स्वतः गळून पडतो आणि पुढच्याला जागा करून देतो. ‘अ‍ॅनोडाइज’ केलेलं दार म्हणजे हाच पापुद्रा विजेनं जाड केलेला. ‘पावडर कोटिंग’ म्हणजे रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजलेली. दोन्ही चांगली. फक्त कोटिंगवर खिळ्यानं नाव कोरून पाहू नका. नातेवाइकांच्या मुलांनाही हे आधीच सांगा.

हा धातू परदेशी थाटाचा वाटत असेल तर तोही गैरसमज काढून टाका. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचं टोपण बसवलं, तेव्हा तो मिरवण्याजोगा महाग होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी एकमेकांना न विचारता विजेनं तो वेगळा काढायची एकच युक्ती शोधली, आणि स्मारकाच्या टोकावरचा धातू बघता बघता चुलीवर आला. आज आमच्याच रेल्वेलाइनीनं पूर्वेला जात राहिलात, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, बिलासपूर करत चांप्याला वळलात, की कोरबा लागतं. १९६५ साली स्थापन झालेल्या बाल्कोचा कारखाना तिथं आहे. म्हणजे तसा शेजारचाच.

पायरी तिसरी : दुकानात जा, पण वजनकाटा मनात ठेवा

गोंदियाच्या बाजारात पाऊल टाकताच तुमची भाषा हिंदी होईल. होऊ द्या. दुकानदार म्हणेल, ‘बैठो भाऊ,’ आणि पहिलाच प्रश्न टाकेल, ‘सादा, की डोमल?’ इथं दचकू नका. डोमल हे मुळात एका इटालियन कंपनीचं नाव. आता जाडजूड दिसणाऱ्या सेक्शनला, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीला, सगळे सरसकट डोमल म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. नाव ऐकून मान डोलवायची आणि सेक्शनचा कापलेला तुकडा मागायचा. कापलेल्या कडेला भिंतीची जाडी दिसते. १.२ मिलिमीटर आणि २ मिलिमीटर यांतला फरक डोळ्याला नीटसा कळत नाही, नखाला कळतो.

आणि काट्याला तर लगेच कळतो. या धंद्यातली मुख्य गोष्ट हीच, बाकीचं विसरलात तरी चालेल. दार बनवणारा सेक्शन विकत घेतो किलोवर आणि तुम्हाला दार विकतो चौरस फुटावर. सेक्शन जितका पातळ, तितके त्याचे किलो वाचतात. तुमचे फूट मात्र तेवढेच राहतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या धान विकणारी माणसं. ओलावा किती, बारदानाचं वजन किती, कट्ट्यामागे किती कापलं, यावर काट्यापाशी उभं राहून तासभर भांडतो. आणि तोच मी दुकानात गार हवेत बसून फुटाचा भाव ऐकला आणि ‘ठीक आहे’ म्हणालो. तुम्ही म्हणू नका. ‘मीटरमागे वजन किती?’ एवढं विचारा. उत्तर समजलं नाही तरी विचारा. दुकानदाराची बसायची पद्धत बदलते.

रंग निवडताना कॅटलॉगमध्ये ‘वूडन फिनिश’ नावाचं पान येईल. त्यात सागाच्या रेषा छापलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. नवेगाव-नागझिऱ्याचं सागाचं जंगल ज्या जिल्ह्यात आहे, तिथला माणूस सागाचं खरं दार काढून सागासारखं दिसणारं जर्मन लावतो आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो. आम्ही मोजले.

जाळीचा पल्ला विचारायला विसरू नका. त्यासाठी तीन ट्रॅक लागतात : दोन काचेचे, एक जाळीचा. दुकानदार डासांचं कारण सांगेल. धानपट्ट्यात खरं कारण निराळं आहे. धान निसवल्यावर, ऐन दिवाळीच्या सुमाराला, संध्याकाळी दिवा लावला की शेतातले तुडतुडे ढगासारखे उजेडाकडे येतात. जेवणाच्या ताटात, चहात, झोपलेल्या माणसाच्या कानात. जाळी त्यांना अडवते, पण दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथल्या फटीत लोकरीची पट्टी नीट बसवलेली असली तरच. ती पट्टी दोन-चार रुपयांची बाब आहे आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही.

पायरी चौथी : माप

नियम सोपा आहे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची; उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. जे सगळ्यात कमी भरेल ते खरं. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर भोक चौकोनी नाही, फक्त चार बाजूंचं आहे. ओळंबा सोडायचा, गुण्या लावायचा. आमच्या भिंतीला ओळंबा सोडला तेव्हा तो वर भिंतीला टेकला आणि खाली तिच्यापासून चांगला बोटभर दूर लटकत राहिला. मिस्त्री म्हणाला, ‘दोरी वाकडी आहे.’

माप सुतात घ्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. आणि दाराला थोडी मोकळीक ठेवा, कारण हा धातू ऊन खातो. अ‍ॅल्युमिनियमची सात फुटी पट्टी चाळीस अंशांच्या फरकानं सुमारे दोन मिलिमीटर वाढते. डिसेंबरातली आमची थंडी आणि मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात तापलेली चौकट यांत तेवढा फरक सहज पडतो. म्हणजे पाऊण सुताच्या आत-बाहेर दार तुमच्यासारखंच ऋतू पाळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मी चुकलो म्हणून ठासून सांगतो. खालची फरशी पूर्ण बसल्याशिवाय माप देऊ नका. मी दिलं. घाई होती, महाशिवरात्रीला मंदिराची जत्रा, घरी पाहुणे, आणि त्याआधी दार दिसायला हवं होतं. माप दिल्यावर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, नवी टाइल बसली आणि जमीन दीड इंच वर आली. पल्ले तयार होऊन आले ते दीड इंच जास्त उंच.

‘मग काच कापा,’ मी म्हणालो.

इथं एक धडा आहे. दाराला लावतात ती ‘टफन’ काच. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो, आणि ती काच कायमची ताणात राहते. त्या ताणामुळेच ती मजबूत होते, आणि फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता खड्यांसारखी ओघळते. पण त्याच ताणामुळे तिला नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. हिरा लावलात की सगळा पल्ला जमिनीवर साखरेसारखा पडेल. काच कापता येत नाही म्हटल्यावर जे कापता येतं ते कापलं. आमची नवी टाइल कापली, खाली दीड इंच नाली खणली आणि खालचा ट्रॅक त्या नालीत बसवला. मिस्त्री मागे सरून म्हणाला, ‘देखो, लेव्हल में आ गया.’

जाडीबद्दल एवढंच : काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. सहा बाय सात फुटांच्या दाराला पाच मिलिमीटरची काच म्हटली तर जवळजवळ पन्नास किलो, आठची म्हटली तर अठ्ठ्याहत्तर. धानाच्या चाळीस किलोच्या कट्ट्यात सांगायचं तर, सवा कट्टा की दोन कट्टे. हा भार रोज खालची चाकं वाहतात. तेव्हा काचेवर पैसे वाढवलेत तर चाकांवरही वाढवा. प्लॅस्टिकची चाकं घेऊन आठची काच लावणं म्हणजे बैलगाडीला शेळी जुंपणं.

पायरी पाचवी : बसवणी

ही मिस्त्री करतो. तुम्ही चहा करायचा आणि दोन ठिकाणी मात्र समोर उभं राहायचं.

एक, वरच्या बाजूला. सरकता पल्ला बसवताना वर उचलून, मग खाली ट्रॅकवर टेकवतात. ज्या रीतीनं तो बसतो त्याच रीतीनं निघतोही. म्हणजे कुलूप कितीही भारी असलं तरी चोराला पल्ला उचलता आला की काम झालं. म्हणून पल्ल्याच्या वर, चौकटीच्या पोकळीत, एक छोटा अडथळा लावतात. तो लावला का, हे शिडीवर चढून स्वतः पाहा.

दोन, खालच्या बाजूला. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला लहान-लहान भोकं असतात. ती चुकून पडलेली नसतात. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून ट्रॅकमध्ये येणारच. ते त्या भोकांतून बाहेर जायचं असतं. आमचा ट्रॅक नालीत, त्यामुळे भोकं टाइलच्या पोटाला लागलेली. मिस्त्रीनं ती पाहिली, सिलिकॉनची बंदूक उचलली आणि एकेक भोक इतक्या मायेनं बुजवलं की मला भरून आलं. ‘अब पानी अंदर नहीं आएगा,’ तो म्हणाला. मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

जुनं सागाचं दार विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही आलं होतं. आजी त्या दाराला टेकून बसली आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत उठली नाही. शेवटी ते मागच्या भिंतीला, परसाकडे लावलं.

पायरी सहावी : वापर

पहिल्या दिवशी कळतं ते कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं. दोन पल्ल्यांचं सरकतं दार कधीच पूर्ण उघडत नाही. एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, बस. पैसे सहा फुटांचे दिलेत, वाट मिळते पावणेतीन फुटांची. तीन पल्ले तीन ट्रॅकवर घेतले तर दोन तृतीयांश उघडतं, पण ते आधी सुचायला हवं. आमच्याकडे धानाचे कट्टे डोक्यावरून येतात, ते येतात. खाट आडवी करून येते. तांदळाची पत्र्याची कोठी येत नाही. ती आणायला पल्ला उचलून काढावा लागला, म्हणजे मिस्त्रीला बोलवावं लागलं, म्हणजे तो अडथळाही काढावा लागला. तो पुन्हा लावला का, हे लिहिताना मला नीट आठवत नाही.

एप्रिल उजाडला की कूलर येतो. विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे बाहेर उभा राहून आत फुंकणारा चौकोनी पाहुणा. खिडकी लहान, म्हणून तो दारात लावला. एक पल्ला सरकवला, त्या पावणेतीन फुटांत कूलर मावला, आजूबाजूच्या फटीत पुठ्ठे खोचले. एप्रिल ते जून आमचं दार ही एक खिडकी होती आणि आम्ही सगळे परसातून ये-जा करत होतो.

स्वच्छ काच ही आणखी एक बाब. घासूनपुसून चकाचक ठेवलीत तर जत्रेला आलेले मामा सरळ चालत येतील, आणि त्यांच्या नाकाचा ठसा काचेवर उमटेल. म्हणून डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी चिकटवा. आम्ही ‘शुभ लाभ’ लावलं, मामा गेल्यावर. शेजाऱ्यांच्या बोकडाला मात्र अक्षरओळख नाही. त्याला काचेत रोज दुसरा बोकड दिसतो. काच टफन आहे, बोकडही.

आजीची तक्रार पहिल्याच दिवसापासून वेगळी होती. तिनं दार दोनदा सरकवून पाहिलं, चौकटीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘सरकते तं सरकू दे. पर कडी कोठी हाये? पाहुना वाजवन काय?’ याचं उत्तर दुकानदारापाशी नव्हतं. पाहुणे काचेपाशी येऊन उभे राहतात, आतल्यांना दिसतात, आतले त्यांना दिसतात, आणि कुणी कुणाला हाक मारायची हे ठरेपर्यंत दोन्हीकडे हसू थिजतं.

पायरी सातवी : उंबरठा

सरकत्या दाराला उंबरठा नसतो. त्याजागी ट्रॅक असतो. रोजच्या जगण्यात याचं काही वाटत नाही. हळदीकुंकवाची बोटं ट्रॅकच्या पट्टीवर ओढता येतात, रांगोळी जरा बाहेर सरकवता येते. अडचण घरात लग्न निघालं की येते.

मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. त्या संध्याकाळपुरता कूलर हलवला. नवरी दारात आली. माप भरून ठेवायचं होतं. बाकीकडे मापात तांदूळ भरतात. आजीनं तांदूळ परत पाठवले. टरफल काढलेल्या दाण्याला ती लक्ष्मी मानत नाही. तिनं धान मागवलं, शिगोशीग भरलं आणि माप ठेवलं कुठं, तर उंबरठ्याच्या जागी, म्हणजे ट्रॅकच्या बरोबर वर. मी म्हणालो, जरा आत ठेवू. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. नवरीनं नाव घेतलं, उजव्या पायानं माप लवंडलं, फोटोवाल्यानं ‘एक बार और’ म्हटलं म्हणून पुन्हा भरून पुन्हा लवंडलं. लक्ष्मी घरात आली. तिच्यातली बरीचशी ट्रॅकमध्ये उतरली.

आता तांत्रिक बाजू. धानाचा दाणा लांबट, टोकदार आणि खरबरीत. तो चाकाखाली आला तर चाक त्याला चिरडू शकत नाही; तो आडवा होतो आणि पाचरीसारखा बसतो. त्या रात्री दार मिटेना. वऱ्हाडातली चार माणसं ढकलत होती. एकानं झाडूची काडी आणली, दुसऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हर, वहिनींनी पिन. दिसत होते ते दाणे निघाले. पण ट्रॅकची अर्धी लांबी नेहमीच कुठल्यातरी पल्ल्याखाली असते. तिथले दाणे तिथंच राहिले. दार शेवटी कूलरच्या रुंदीइतकं उघडं ठेवून आम्ही कूलर परत जागेवर लावला, आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं.

जून संपता संपता कूलर निघाला. पाऊस सुरू झाला, आणि जुलैत झड लागली. झड म्हणजे धो-धो नव्हे. दिवस-रात्र एका लयीत पडत राहणारा, ऊन विसरायला लावणारा आमच्याकडचा पाऊस. पाणी काचेवरून ओघळत ट्रॅकमध्ये आलं. ट्रॅक जमिनीच्या दीड इंच खाली. भोकं सिलिकॉननं बुजलेली. इतक्या महिन्यांची धूळ, गोंदियाच्या रस्त्यावरून उडत आलेला राइस मिलचा कोंडा, पायांचा चिखल, सगळं तिथं बसलं होतं, त्यावर पाणी थांबलं, आणि निघायला कुठंच वाट नव्हती. थोडक्यात, चारी बाजूंनी धुरे असलेली एक लांबट बांधी, भाताचं खाचरच म्हणा, तयार झाली. धान तिच्यात आधीच पेरलेलं होतं.

सकाळी आजी काठी टेकत सपरीत आली आणि तिथंच थबकली. ट्रॅकच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवे, बोटभर कोंब वर आले होते. काचेवर त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे पीक दुप्पट दिसत होतं.

‘काहो,’ तिनं विचारलं, ‘इथं परे कोनं टाकले?’

मी खाली बसलो आणि एक कोंब चिमटीत धरला. तिनं काठी माझ्या मनगटावर टेकवली.

‘आता नोको उपडू. रोवाले आनखी दहा-बारा दिवस लागतीन.’

तेवढे दिवस पुढचं दार कुणी सरकवलं नाही. परसाकडचं सागाचं पावसानं फुगलं होतं. खांद्यानं ढकलावं लागायचं, आणि कोण आलं ते आजीला पाठमोरी कळायचं.